सावकाराच्या वहीपासून ग्रामीण बँकेपर्यंत

बँकेचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. स्थापनेचे वर्ष, पहिले भागभांडवल, पहिले अध्यक्ष, वाढत गेलेल्या ठेवी आणि शेवटी नव्या इमारतीचे छायाचित्र. ह्या रीतीत बँक दिसते, पण कर्ज मागायला आलेला माणूस दिसत नाही. आम्ही येथे उलट्या बाजूने जाणार आहोत. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव आम्ही डोळ्यांसमोर ठेवतो, आणि अशा गावातल्या माणसाला गेल्या दीडशे वर्षांत पैसा कोणाकडून, कोणत्या अटीवर आणि किती अंतरावरून मिळत आला ते पाहतो. असे पाहिले म्हणजे प्रादेशिक बँक ही काय चीज आहे, ती कशासाठी निघाली आणि आज तिच्यापुढे कोणता पेच आहे, हे स्वच्छ कळते.

केम हे मुंबई-सोलापूर लोहमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडी ह्यांच्या दरम्यानचे स्टेशन. उत्तरेश्वराच्या देवळामुळे आणि त्याहूनही कुंकवामुळे हे गाव बाहेर ठाऊक आहे. हळदीवर टाकणखार आणि लिंबाचा रस ह्यांची प्रक्रिया करून ती लाल करावयाची, ही कुंकवाची जुनी कृती. पुढे तीत रंग आणि पिठे आली. कृती कोणतीही असो, धंद्याचे गणित एकच. कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो, मजुरी आठवड्याला चुकवावी लागते, आणि तयार माल मात्र सणावारांच्या व यात्रांच्या हंगामात, तोही पुष्कळदा उधारीवर विकला जातो. म्हणजे पैसा आधी जातो आणि महिन्यांनी परत येतो. मधल्या महिन्यांचा पूल कोणीतरी बांधावा लागतो. भोवतालच्या ज्वारीच्या शेतकऱ्याचेही तेच. त्याचे बी-बियाणे आणि बैलाचा दाणा आधी, पीक मागाहून. आणि पाऊस दगा देईल ते वर्ष वेगळेच. हा पूल बांधणे म्हणजेच कर्ज देणे. तेव्हा कर्ज हे व्यसन किंवा लाज नसून धंद्याचे एक अंग आहे, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे.

कर्ज देणाऱ्याला नेहमी दोन गोष्टी लागतात. एक, समोरच्या माणसाची नीट ओळख. दुसरी, स्वतःच्या तिजोरीत पुरेसा पैसा व तोटा सोसण्याची ताकद. पहिलीला आपण जवळीक म्हणू, दुसरीला बळ. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपल्याकडच्या ग्रामीण पतपुरवठ्याचा सारा इतिहास म्हणजे ह्या दोन गोष्टी एका ठिकाणी आणण्याची धडपड आहे. आणि एक हाती लागली की दुसरी निसटावी, असे वारंवार घडत आले आहे.

पहिली पेढी सावकाराची. सावकार गावातलाच. कोणाची जमीन किती, कोणाच्या घरी लग्न, कोणाचा शब्द खरा, हे त्याला विचारावे लागत नसे. रात्री दार ठोठावले तरी पैसा मिळे. त्याची जवळीक पुरी होती. पण त्या जवळिकीला आवर घालणारे काही नव्हते. इंग्रजी अमलापूर्वी गावाचा दाब होता, वसुलीला लोकलाजेची मर्यादा होती. नव्या राज्यात दिवाणी कोर्टे आली आणि ती मर्यादा गेली. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. जुनी कागदपत्रे उकरून कुळाला छळू नये म्हणून साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून मिळवू लागला. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा उमटवावा, आणि पुढे कोर्टाने तो अंगठा प्रमाण मानावा! कायदा कुळाच्या रक्षणाला आला आणि सावकाराच्या हातचे हत्यार झाला.

ह्याच सुमारास, १८६० साली, रेल्वे सोलापुरास पोहोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, तेव्हा कर्जे सहज मिळाली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि सारावाढीचे ओझे तेवढे राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील गावागावांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांवर फारसा नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते मिळाले की जाळावयाचे आणि घरी जावयाचे. सरकारने चौकशी-आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो प्रथम पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर ह्या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे करमाळ्याचा मुलूख त्यात आला. ह्या कायद्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. पण अधिकार आला म्हणून पैसा आला नाही. सावकार सावध झाला. तो कर्जाऐवजी जमिनीचे खरेदीखत लिहून घेऊ लागला. नाव विक्रीचे, आतून गहाण. सावकाराला नुसती बंदी घालून भागत नाही, त्याच्या जागी दुसरा कोणी पैसा देणारा उभा करावा लागतो, हा धडा त्या वेळी मिळाला.

तो दुसरा कोण, ह्याचे एक उत्तर महाराष्ट्रातच निघाले होते. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना आखली. जुनी कर्जे तडजोडीने फेडून टाकावी, पुढे बँकेने माफक व्याजाने पैसा द्यावा, आणि वसुलीला सरकारने हात द्यावा, असा तिचा गाभा. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली. विलायतेतल्या भारतमंत्र्याने ती नामंजूर केली. एका तालुक्याची बँक म्हणजे खरी प्रादेशिक बँक. ती कागदावरच राहिली. पण कल्पना मेली नाही.

१९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि १९०५ साली त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पहिली सहकारी पतसंस्था निघाली. खेड्यातील सोसायटीची घडण मोठी विचारपूर्वक केलेली होती. एका गावचे, एकमेकांना ओळखणारे लोक सभासद व्हावयाचे; आणि जबाबदारी अमर्याद. म्हणजे एकाने बुडविले तर भरपाई सर्वांच्या अंगावर. त्यामुळे कर्ज देताना प्रत्येक जण शेजाऱ्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणार. सावकाराची ओळख घ्यावयाची, पण त्याचा लोभ घ्यावयाचा नाही, असा हा बेत होता. उणीव एकच. गावच्या सोसायटीत पैसा येणार कोठून? जेथे सर्वच गरजू तेथे ठेवी ठेवणार कोण?

म्हणून सोसायटीच्या मागे बळ उभे करावे लागले. सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास ह्यांच्या पुढाकाराने १९११ साली मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. आजची राज्य सहकारी बँक ती हीच. वैकुंठभाई मेहतांनी आपल्या उमेदीची वर्षे ह्या बँकेच्या उभारणीत घातली. १९१२ च्या कायद्याने जिल्हा मध्यवर्ती बँकांचा मार्ग मोकळा झाला, आणि १९१८ साली सोलापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. अशा रीतीने तीन मजल्यांची इमारत तयार झाली. खाली गावची सोसायटी, मधे जिल्ह्याची बँक, वर राज्याची बँक. पैसा वरून खाली उतरावा, आणि माणसाची ओळख खालून वर जावी, अशी ही योजना. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने प्रादेशिक बँकेचा खरा जन्म हा.

ह्या इमारतीने किती काम केले? स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली. तिच्या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि सभासदांत धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ साली तिचा अहवाल आला, तेव्हा आकडे पाहून भले भले चमकले. १९५१-५२ साली शेतकऱ्यांनी जे कर्ज घेतले, त्यात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१, सरकारचा ३.३ आणि व्यापारी बँकांचा अवघा ०.९ होता. धंदेवाईक आणि शेतकरी असे दोन्ही प्रकारचे सावकार मिळून जवळजवळ सत्तर टक्के कर्ज देत होते. अर्धशतक सहकार चालला, तरी शंभर रुपयांतले तीन रुपये त्याच्या वाट्याला! समितीने सहकार सोडून द्या असे म्हटले नाही. त्याला सरकारी भांडवलाचे आणि मोठ्या बँकेचे पाठबळ द्या, असे म्हटले. १९५५ साली स्टेट बँक निघाली, ती ह्याच विचारातून.

पुढचा टप्पा १९६९ चा. त्या वर्षी १९ जुलैला चौदा मोठ्या बँका सरकारी झाल्या. त्यांत बँक ऑफ इंडिया आणि बँक ऑफ महाराष्ट्र होत्या. त्याच वर्षी गाडगीळांच्या अभ्यासगटाने, प्रत्येक मुलखाची गरज ओळखून बँकांनी काम करावे, असे सुचविले. त्यातून जिल्ह्याजिल्ह्याला एकेक अग्रणी बँक नेमण्याची पद्धत आली. सोलापूर जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया. शाखा खेड्यांकडे आल्या, बळही आले. पण नवी अडचण दिसू लागली. शहरात वाढलेला, शहरी पगाराचा अधिकारी खेड्यातल्या शाखेत येई आणि बदलीच्या हुकुमाची वाट पाही. लहान माणसाला पायरी चढावयाची भीती वाटे.

ह्यावर तोड म्हणून एम. नरसिंहम् ह्यांच्या अध्यक्षतेखालील गटाने १९७५ साली नव्या धर्तीच्या बँकेची शिफारस केली. सहकारी संस्थेची गावओळख आणि व्यापारी बँकेची शिस्त ह्यांचा तीत मेळ घालावयाचा होता. २६ सप्टेंबर १९७५ रोजी वटहुकूम निघाला, आणि गांधीजयंतीच्या दिवशी देशात पहिल्या पाच प्रादेशिक ग्रामीण बँका सुरू झाल्या. १९७६ साली कायदा झाला. भांडवलातले शेकडा पन्नास केंद्र सरकारचे, पंधरा राज्य सरकारचे आणि पस्तीस पुरस्कर्त्या बँकेचे. कार्यक्षेत्र एका-दोन जिल्ह्यांपुरते. नोकरवर्ग त्याच भागातला, त्याच भाषेचा, आणि पगार राज्य सरकारच्या नोकरांच्या बरोबरीने. कर्ज द्यावयाचे ते अल्पभूधारक, शेतमजूर, कारागीर अशा दुर्बळांनाच. महाराष्ट्रात १९७६ साली नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक निघाली, आणि पुढे आपल्या जिल्ह्यालाही बँक ऑफ इंडियाच्या पुरस्काराने सोलापूर ग्रामीण बँक मिळाली. १९८७ पर्यंत देशात अशा १९६ बँका झाल्या. जवळीक आणि बळ एकाच छपराखाली आले, असे वाटण्याजोगी ती वेळ होती.

परंतु हिशेब जमेना. का जमेना, हे एका साध्या उदाहरणावरून समजून घेऊ. समजा, बँकेला कर्जाचे व्याज आणि ठेवीचे व्याज ह्यांत शेकडा चार रुपये सुटतात. वीस हजारांच्या कर्जावर तिला वर्षाला आठशे रुपये मिळतील. वीस लाखांच्या कर्जावर ऐंशी हजार. पण अर्ज तपासणे, घर पाहणे, कागद करणे, वसुलीला फेऱ्या घालणे, हे श्रम लहान कर्जाला काही शंभरपटीने कमी पडत नाहीत. कधीकधी अधिकच पडतात. तेव्हा जी बँक फक्त लहान कर्जेच देते, तिचे पोट त्या आठशे रुपयांवर भरत नाही. कमी पगाराचे नोकर हा तिचा एक आधार होता. १९९० साली राष्ट्रीय न्यायाधिकरणाने पगार पुरस्कर्त्या बँकांच्या बरोबरीने द्यावेत, असा निवाडा दिला. नोकरांच्या दृष्टीने तो न्यायच होता. पण बँकांचा आधार त्याने गेला.

दुसरी अडचण आमच्या जिल्ह्याला विशेष लागू पडणारी आहे. एकाच जिल्ह्याची बँक म्हणजे एकाच आभाळाखालची बँक. ज्या वर्षी करमाळ्याला पाऊस नाही, त्या वर्षी पुष्कळदा सांगोल्याला आणि मंगळवेढ्यालाही नसतो. सारी कर्जे एकदम थकतात, आणि त्याच वर्षी लोक ठेवी काढावयास येतात. अवर्षणप्रवण मुलखात एका जिल्ह्यावर विसंबलेली बँक ही एका विहिरीवर विसंबलेल्या मळ्यासारखी. तोटे साचले. १९९२-९३ पासून दुर्बळ वर्गाबाहेर कर्जे देण्याची मुभा मिळाली, मग सरकारने नवे भांडवल ओतले, आणि २००५ पासून बँका एकमेकींत मिळविण्याचे सत्र सुरू झाले.

सोलापूर ग्रामीण बँक वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँकेत गेली. वैनगंगा भंडाऱ्याकडची, तर आपली भीमा कृष्णेला मिळणारी. नकाशात न भेटणाऱ्या दोन नद्या बँकेच्या पाटीवर भेटल्या. तिचे मुख्य कार्यालय निदान सोलापुरास होते. २०१३ साली ती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत सामील झाली आणि मुख्य कार्यालय नागपूरला गेले. १ मे २०२५ रोजी, एका राज्याला एकच ग्रामीण बँक ह्या धोरणाने, विदर्भ कोकण आणि महाराष्ट्र ह्या दोन्ही बँका एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. तिचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आणि पुरस्कर्ती बँक ऑफ महाराष्ट्र. देशातल्या १९६ बँकांच्या आता २८ राहिल्या.

ह्या मोठेपणाला नाक मुरडणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. कोकणातला आंबा, विदर्भातला कापूस आणि सोलापूरची ज्वारी एका वहीत आली की एका भागाचा दुष्काळ सारी बँक बुडवीत नाही. संगणक, सुरक्षित व्यवहार, घरबसल्या पैसा पाठविण्याची सोय, हे लहान बँकेला एकटीने पेलणारे नव्हते. शिवाय जवळीक म्हणजे निर्भेळ पुण्य असेही समजू नये. जी जिल्हा बँक आपल्याच लोकांची, आपल्याच पुढाऱ्यांनी चालविलेली, तिच्यातही ओळखीचे रूपांतर वशिल्यात होऊ शकते. सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँक थकलेल्या मोठ्या कर्जांच्या ओझ्याखाली आली, आणि २०१८ साली, स्थापनेला शंभर वर्षे भरत असतानाच, तिचे संचालक मंडळ जाऊन कारभार प्रशासकाकडे गेला. ओळख माणूस पारखण्यासाठी वापरली तर ती बँकेचे भांडवल ठरते. नियम वाकविण्यासाठी वापरली तर तिची वाळवी.

मग केमच्या माणसाने मागावे काय? मुख्य कार्यालय कोठे आहे ह्यावर आम्ही फार भर देत नाही. मुख्य कार्यालय दूर असावे, त्याने हिशेब कडक ठेवावा, हे एका परीने बरेच. पण कर्ज द्यावे की न द्यावे हा निर्णयसुद्धा तेवढ्याच दूर गेला, तर ग्रामीण बँक आणि शहरी बँक ह्यांत पाटीखेरीज भेद उरत नाही. संगणकाला माणसाची मागची परतफेड दिसते. ज्याने आजवर बँकेतून काही घेतलेच नाही, त्याच्याविषयी तो मुका असतो. आणि खेड्यात नेमकी अशीच माणसे पुष्कळ. कुंकू विकून आलेला पैसा आश्विनात येतो की माघात, हे शाखेत बसलेल्या माणसाला ठाऊक असेल तरच हप्ता त्या बेताने बांधला जाईल. नाही तर पैसा हातात नसलेल्या महिन्यात हप्ता मागितला जातो, तो थकतो, आणि सचोटीचा माणूस कागदोपत्री बुडवा ठरतो.

जवळीक आणि बळ एकत्र नांदू शकतात, ह्याचा पुरावा आपल्या समोर आहे. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग अवघ्या पाचशे गटांपासून आरंभला. दहा-वीस बायका एकत्र येऊन थोडी थोडी शिल्लक टाकतात, आपसांत कर्ज देतात, आणि बँक त्या गटाला एकच मोठे कर्ज देते. कोण खरी, कोणाची अडचण खरी, हे गट पाहतो; पैसा आणि हिशेबाची शिस्त बँक देते. जुन्या सोसायटीतली सामाईक जबाबदारीच येथे नव्या रूपाने परत आली. लहान कर्जाचा जो खर्च बँकेला परवडत नव्हता, त्यातला काही गटाने आपल्या अंगावर घेतला.

म्हणून आमच्या मते मागणी तीन गोष्टींची असावी. लहान कर्जाचा निर्णय शाखेतच व्हावा, आणि तो का नाकारला हे अर्जदाराला त्याच्या भाषेत लेखी मिळावे. शाखेतला अधिकारी निदान काही पावसाळे त्याच गावी राहावा, म्हणजे त्याला माणसे आणि हंगाम दोन्ही कळतील. आणि बँकेच्या वार्षिक अहवालात एकूण कर्जाच्या रकमेबरोबर, लहान कर्जे किती जणांना दिली आणि त्यांत प्रथमच कर्ज घेणारे किती, हा आकडाही ठळकपणे छापावा. ठेवी वाढल्याचा आकडा बँकेची प्रकृती सांगतो. हा दुसरा आकडा ती ग्रामीण आहे की नाही ते सांगेल.

१८७५ साली लोकांनी रोखे जाळले, कारण त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना कळत नव्हते आणि विचारावयाला कोणी नव्हते. आज रोखा संगणकात आहे. तो जळत नाही, आणि त्याच्याशी भांडताही येत नाही. तेव्हा विचारणाऱ्याला उत्तर देणारा एक माणूस शाखेत बसलेला असणे, ही दीडशे वर्षांच्या खटाटोपातून मिळालेली कमाई आहे. बँका कितीही मोठ्या होवोत, ही कमाई खर्ची पडू देता कामा नये. आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम बँकेच्या संचालकांइतकेच तिच्या दारात उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांचेही आहे.